लोकसभेच्या आधीचं सभागृह: मध्यवर्ती असेंब्लीची सव्वीस वर्षं



आज आपण ज्या सभागृहाबद्दल बोलणार आहोत ते आता अस्तित्वात नाही. 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री ते संपलं. त्याचं पूर्ण नाव सेंट्रल लेजिस्लेटिव्ह असेंब्ली. मराठीत कोणी त्याला मध्यवर्ती कायदेमंडळ म्हणे, कोणी वरिष्ठ कायदेमंडळ, आणि बोलताना नुसतं ‘असेंब्ली’. आपण आज त्याला मध्यवर्ती असेंब्ली म्हणू. ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळाचं ते कनिष्ठ सभागृह, म्हणजे आजच्या लोकसभेच्या जागी असलेलं.

बहुतेकांना हे सभागृह एकाच कारणासाठी ठाऊक असतं. 8 एप्रिल 1929 ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी तिथे बॉम्ब टाकले. शाळेच्या पुस्तकात तेवढं एक वाक्य येतं आणि आपण पुढे जातो. पण त्या दिवशी सभागृहात चाललं काय होतं? अध्यक्ष काय सांगायला उभे राहिले होते? तिथे बसलेली माणसं कोण, त्यांना निवडून कोणी दिलं होतं? आपल्या ठाणे-कल्याणच्या लोकांचा त्यात काही संबंध होता का? आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न असा, की ज्या सभागृहाला सरकार पाडता येत नव्हतं, ज्याचा निकाल व्हाइसरॉय एका सहीने फिरवू शकत होता, तिथे जाऊन बसण्यात अर्थ काय होता? हा वाद त्या काळीही जोरात होता. आज त्याकडे जरा निवांत बघू.

आधी काय होतं

1921 च्या आधी एकच सभागृह होतं, इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिल. त्यात सरकारी सभासदांचं बहुमत ठेवलेलं असायचं. आपले गोपाळ कृष्ण गोखले या कौन्सिलात होते आणि त्यांची अर्थसंकल्पावरची भाषणं गाजली, हे आपण ऐकलेलं असतं. पण भाषण गाजणं वेगळं आणि मत मिळणं वेगळं. गोखल्यांनी 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. मार्च 1912 मध्ये ते फेटाळलं गेलं. बाजूने 13, विरुद्ध 38. गोखल्यांसारखा माणूस, आकडे तोंडपाठ, विषय शिक्षणाचा, आणि तेरा मतं! रचनाच अशी होती, की सरकारला नको ते तिथे होऊच शकत नव्हतं.

पहिल्या महायुद्धानंतर 1919 चा कायदा आला, ज्याला आपण माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा म्हणतो. त्याने दिल्लीत दोन सभागृहं केली. वरचं कौन्सिल ऑफ स्टेट, साठ सभासदांचं. आणि खालचं हे असेंब्ली, सुमारे 145 सभासदांचं. त्यातले शंभराहून थोडे अधिक निवडून आलेले, बाकीचे सरकारने नेमलेले. म्हणजे पहिल्यांदाच निवडून आलेल्यांचं बहुमत असलेलं सभागृह देशपातळीवर आलं. 9 फेब्रुवारी 1921 ला ड्यूक ऑफ कनॉट यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तीनच दिवसांनी, 12 फेब्रुवारीला, त्याच ड्यूकने त्या प्रसिद्ध गोल इमारतीची कोनशिला बसवली. ती इमारत पुरी व्हायला सहा वर्षं लागली. 18 जानेवारी 1927 ला लॉर्ड आयर्विनने तिचं उद्घाटन केलं. तोवर असेंब्ली दिल्लीच्या जुन्या सचिवालयात भरायची, जिथे आज दिल्लीची विधानसभा आहे, आणि उन्हाळ्यात सगळा लवाजमा सिमल्याला जायचा.

मत कोणाला होतं

आता हा भाग जरा नीट ऐका, कारण शेवटी आपल्याला याच आकड्याकडे परत यायचंय.

1920 च्या पहिल्या निवडणुकीत असेंब्लीसाठी साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून मतदार होते साधारण नऊ लाख. लोकसंख्या वीस कोटींच्या वर. वरच्या सभागृहाचे मतदार तर जेमतेम सतरा हजार! मताचा हक्क माणूस म्हणून नव्हता, मालमत्ता म्हणून होता. ठरावीक शेतसारा भरणारा, आयकर भरणारा, जमीनजुमला असलेला, तोच मतदार. भातशेतीवर राबणारं कूळ, मिठागरावरचा मजूर, गिरणीतला कामगार, यांचा यादीत पत्ता नाही. बायकांना सुरुवातीला सरसकट मत नव्हतंच. प्रांतांनी ठरवायचं, असं ठेवलं होतं. 1934 साली मतदारांची संख्या चौदा लाखांवर गेली, तेव्हाही त्यात स्त्रिया होत्या सुमारे एक्क्याऐंशी हजार.

मतदारसंघही धर्मावर आणि वर्गावर वाटलेले होते. मुसलमानांचे वेगळे, युरोपियनांचे वेगळे, जमीनदारांचे वेगळे, व्यापाऱ्यांचे वेगळे. उरलेल्यांचं अधिकृत नाव होतं ‘बिगर-मुसलमान’. म्हणजे तुम्ही कोण आहात हे नाही, तुम्ही कोण नाही आहात हे यादीत लिहिलेलं!

आणि आपला ठाणे जिल्हा? मुंबई इलाख्याचे प्रशासनासाठी विभाग पाडलेले होते. मध्य विभागात पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक, खानदेश. दक्षिण विभागात रत्नागिरी, कुलाबा आणि बेळगाव-धारवाडकडचे जिल्हे. ठाणे मात्र उत्तर विभागात होतं. अहमदाबाद, खेडा, पंचमहाल, भडोच, सुरत आणि ठाणे. असेंब्लीचे ग्रामीण मतदारसंघ याच विभागांवर बेतलेले होते. त्यामुळे कल्याणच्या खातेदाराचं मत पुण्याच्या माणसाबरोबर मोजलं जात नव्हतं, ते अहमदाबाद-सुरतच्या मतांत जाऊन पडायचं. एवढ्या मोठ्या मुलखाला प्रतिनिधी किती, तर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उमेदवार आपल्या वाड्यावर मत मागायला येईल ही अपेक्षा कोणी ठेवायची?

आजही आपल्याकडे कल्याण पश्चिमेचा माणूस लोकसभेला भिवंडीच्या उमेदवाराला मत देतो आणि रूळ ओलांडला की कल्याण पूर्वेचा माणूस कल्याणच्या. तेव्हा मतदारसंघाच्या रेषा माणसांच्या सोयीने पडत नाहीत, ही गोष्ट काही नवी नाही.

अधिकार किती

सरकार असेंब्लीला जबाबदार नव्हतं. आज लोकसभेत बहुमत गेलं की सरकार जातं. तिथे तसं नव्हतं. व्हाइसरॉयचं कार्यकारी मंडळ लंडनला उत्तर द्यायचं. अर्थसंकल्प सभागृहापुढे यायचा, पण खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग मताला टाकताच येत नव्हता. लष्कर, कर्जाचं व्याज, बड्या अधिकाऱ्यांचे पगार, हे सगळं त्याबाहेर. उरलेल्यावर मत द्या, कपात करा, आणि व्हाइसरॉयला वाटलं तर तो ती कपात रद्द करून पैसे परत घालणार. विधेयक फेटाळलंत? व्हाइसरॉय ‘सर्टिफाय’ करणार, म्हणजे हे देशाच्या हितासाठी आवश्यक आहे असं प्रमाणपत्र देऊन कायदा करून टाकणार.

याचं पहिलं मोठं उदाहरण मिठाचं आहे. 1923 साली सरकारला तूट भरून काढायची होती. मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपया होता, तो थेट दुप्पट, अडीच रुपये करायचं ठरलं. असेंब्लीने नाही म्हटलं. आणि लक्षात घ्या, हे पहिलं सभागृह होतं, काँग्रेसने बहिष्कार टाकलेलं, त्यात बसलेले बहुतेक मवाळ. त्यांनीसुद्धा नाही म्हटलं. लॉर्ड रीडिंगने सर्टिफाय केलं आणि कर दुप्पट झाला. आपल्या जिल्ह्यात भाईंदरपासून खाडीकाठाने मिठागरं पसरलेली होती. ज्या माणसाने उन्हात उभं राहून मीठ ओढायचं त्याच्या घरच्या मिठावर कर दुप्पट, आणि त्याला विचारणारं कोणी नाही. पुढच्या वर्षी तो कर पुन्हा सव्वा रुपयावर आला खरा. पण सात वर्षांनी गांधीजींनी लढ्यासाठी मीठच का निवडलं असेल, याचं एक उत्तर या सर्टिफिकेटातही सापडतं.

जायचं की नाही जायचं

टिळकांनी एप्रिल 1920 मध्ये निवडणूक लढवण्याच्या तयारीने काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला होता. मिळेल ते घ्यायचं आणि उरलेल्यासाठी भांडायचं, असा त्यांचा एकूण रोख. 1 ऑगस्टला टिळक गेले. असहकाराची लाट आली आणि काँग्रेस निवडणुकीपासून दूर राहिली.

1923 ला चित्र बदललं. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंनी स्वराज्य पक्ष काढला. आत जायचं आणि आतून अडवायचं, ही त्यांची भूमिका. महाराष्ट्रातून न. चिं. केळकर गेले. मुंबईचे जमनादास मेहता होते, पुढे 1926 ला बॅरिस्टर मुकुंदराव जयकर आले, नागपूरकडून डॉ. मुंजे आले. वऱ्हाडातून लोकनायक बापूजी अणे. अण्यांची गंमत अशी, की वऱ्हाड कायद्याने निजामाच्या मालकीचं, इंग्रजांच्या ताब्यात भाडेपट्ट्यासारखं. त्यामुळे तिथल्या प्रतिनिधीची आधी निवडणूक व्हायची आणि मग सरकार त्याची ‘नेमणूक’ करायचं. लोकांनी निवडलेला, पण कागदावर नेमलेला!

8 फेब्रुवारी 1924 ला मोतीलाल नेहरूंनी मांडलेला ठराव, राज्यघटनेचा विचार करण्यासाठी गोलमेज परिषद बोलवा, 76 विरुद्ध 48 मतांनी मंजूर झाला. सरकार हरलं. सरकारला त्याने काही झालं नाही. पण मंडळी, बारा वर्षांपूर्वी गोखल्यांना तेरा मतं पडली होती ते आठवा. आता सरकारला भर सभागृहात हरवता येत होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते आकडे वर्तमानपत्रात छापून यायचे.

आपल्या रोजच्या जगण्यात काय आलं

आता आम्ही मुद्दाम दोन गोष्टी सांगणार आहोत, ज्या ठाणे-डोंबिवलीच्या माणसाला लगेच कळतील. पहिली रेल्वे, दुसरी पगाराची तारीख.

1853 ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, 1854 ला कल्याणला. ही जी.आय.पी. रेल्वे कंपनीची होती, कंपनी विलायतेची आणि कारभारही तिचाच. नफ्याची हमी मात्र आपल्या तिजोरीतून. फेब्रुवारी 1923 मध्ये असेंब्लीने ठराव केला, की ईस्ट इंडियन आणि जी.आय.पी. या दोन रेल्वे सरकारने स्वतः चालवाव्यात. 1925 साली दोन्ही सरकारच्या हातात आल्या. त्याच वर्षी, 3 फेब्रुवारीला, बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. शिवाय सप्टेंबर 1924 मध्ये असेंब्लीच्या ठरावाने रेल्वेचा हिशेब सर्वसाधारण हिशेबापासून वेगळा काढला. तो स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प 2016 पर्यंत चालला, 2017 पासून पुन्हा एकत्र झाला. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातली गर्दी, उतारूंचे हाल, हे विषय त्या चर्चांत दरवर्षी यायचे. म्हणजे गर्दीची तक्रारही शंभर वर्षांची झाली!

दुसरी गोष्ट नारायण मल्हार जोशींची. यांचं नाव आज कमी घेतलं जातं. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक, 1920 साली आयटक स्थापन करणाऱ्यांपैकी एक. ते असेंब्लीत निवडून आलेले नव्हते, कारण कामगारांना मतच नव्हतं. सरकारने त्यांना कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमलं होतं. मार्च 1921 मध्ये, सभागृह जेमतेम महिन्याचं असताना, त्यांनी ठराव आणला, की कामगार संघटनांना संरक्षण देणारा कायदा करा. याला निमित्त होतं मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरणीचं. तिथे संप झाला, मालकांनी कोर्टात जाऊन संघटनेच्या नेत्यांना मनाई हुकूम आणवला. म्हणजे संघटना काढणं हेच जणू कट करणं. जोशींच्या त्या ठरावातून पाच वर्षांनी 1926 चा ट्रेड युनियन कायदा आला. सात माणसांनी एकत्र येऊन अर्ज करायचा आणि संघटना नोंदवायची, ही तरतूद त्यातली. जोशींनी बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं विधेयकही 1924 ला मांडलं होतं. ते पडलं. पण पाच वर्षांनी मुंबई प्रांताने तसा कायदा केला.

1923 ला कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. 1936 ला वेतनाचा कायदा झाला, की पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा, हजार किंवा त्याहून अधिक कामगार असतील तर दहा तारखेच्या आत. आता सात तारीख म्हणजे काय हे डोंबिवलीत कोणाला समजावून सांगायची गरज नाही. ठाण्यात लोकरीची गिरणी 1925 ची, अंबरनाथची विमको आगपेटी कंपनीही त्याच दशकातली. या मुलखात कारखान्यांची वस्ती वाढत होती तेव्हाच हे कायदे होत होते. याच असेंब्लीने 1934 साली काड्यापेटीवर अबकारी कर बसवणारा कायदाही केला. तेव्हा कामगाराला कायदा मिळाला तोही तिथून, आणि त्याच्या चुलीच्या काडीवर कर बसला तोही तिथूनच.

विठ्ठलभाई आणि अध्यक्षाची खुर्ची

आता त्या बॉम्बच्या दिवसाकडे येऊ. त्यासाठी विठ्ठलभाई पटेलांना ओळखावं लागेल. सरदारांचे थोरले भाऊ, मुंबईतले बॅरिस्टर. पहिली चार वर्षं अध्यक्ष सरकारने नेमलेला होता, सर फ्रेडरिक व्हाइट. ऑगस्ट 1925 ला पहिल्यांदा सभागृहाने आपला अध्यक्ष निवडला. विठ्ठलभाई विरुद्ध रंगाचारियर. 58 विरुद्ध 56. दोन मतांनी विठ्ठलभाई आले. जो माणूस कौन्सिलं आतून अडवा म्हणणाऱ्या पक्षाचा, तोच आता खुर्चीत. सरकारला धडकी भरली असणार! पण विठ्ठलभाईंनी खुर्चीत बसताच पक्षाचं नातं सोडलं आणि सांगितलं, की आता मी साऱ्या सभागृहाचा. पगारातला मोठा हिस्सा ते दरमहा गांधीजींकडे सार्वजनिक कामासाठी पाठवत.

पक्ष सोडला याचा अर्थ सरकारची बाजू घेतली असा मात्र नाही. 1928 साली सरकारने सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणलं. परदेशी कम्युनिस्टांना विनाखटला देशाबाहेर घालवायचं, असा त्याचा उद्देश. मतं समसमान पडली. अध्यक्षाचं निर्णायक मत विठ्ठलभाईंनी विधेयकाविरुद्ध टाकलं. त्यांचा युक्तिवाद साधा होता. असा असाधारण कायदा हवा असेल तर बहुमत मिळवा, ते अध्यक्षाकडून मागू नका.

सरकारने विधेयक पुन्हा आणलं. दरम्यान 20 मार्च 1929 ला देशभर धरपकड झाली, मीरत कटाचा खटला. डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, असे मुंबईच्या गिरणी चळवळीतले कितीतरी मराठी पुढारी त्यात पकडले गेले. आता पेच असा, की विधेयकावर चर्चा करायची तर कम्युनिस्ट कट आहे की नाही यावर बोलावं लागणार, आणि तोच प्रश्न तर मीरतच्या कोर्टापुढे आहे. विठ्ठलभाईंनी सरकारला सुचवलं, की एक तर विधेयक पुढे ढकला, नाहीतर खटला मागे घ्या. सरकारला दोन्ही नको होतं.

8 एप्रिलला आधी औद्योगिक कलह विधेयकाचा निकाल जाहीर झाला, ते मंजूर झालं. संपांवर बंधनं घालणारं हे विधेयक. मग विठ्ठलभाई सुरक्षा विधेयकावरचा निर्णय सांगायला उभे राहिले, आणि तेवढ्यात प्रेक्षकांच्या सज्जातून बॉम्ब पडले, पत्रकं उडाली. कोणाचा जीव गेला नाही, काहींना इजा झाली. दोघे तरुण पळाले नाहीत, उभे राहिले.

पुस्तकातलं वाक्य इथे संपतं. पण सभागृहाची गोष्ट तीन दिवसांनी पुढे सुरू होते. 11 एप्रिलला विठ्ठलभाईंनी राहिलेला निर्णय दिला. विधेयक नियमबाह्य. बॉम्ब पडल्यावर अध्यक्ष नरमतील असं कोणाला वाटलं असेल तर तसं झालं नाही. आयर्विनने लगेच वटहुकूम काढून तेच अधिकार घेतले आणि पुढे अध्यक्षाला असं विधेयक अडवता येऊ नये म्हणून नियमच बदलला. तेव्हा निकाल कोणाचा चालला? आयर्विनचा. पण साऱ्या जगाला दिसलं काय? की सरकारला आपल्याच सभागृहाचा अध्यक्ष पेलत नाही.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. 10 जानेवारी 1929 ला असेंब्लीचं स्वतंत्र सचिवालय झालं. आधी सभागृहाचे कारकून-अधिकारी सरकारच्या खात्यातले असायचे. ज्याला जाब विचारायचा त्याचेच नोकर आपले कागद सांभाळणार! विठ्ठलभाईंनी ते वेगळे करून घेतले. आजच्या लोकसभा सचिवालयाचं मूळ तिथे आहे.

त्याच सप्टेंबरमध्ये शारदा कायदाही मंजूर झाला. मुलीचं लग्नाचं वय किमान 14, मुलाचं 18. त्याआधी देशभर फिरून साक्षी घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते सर मोरोपंत जोशी, वऱ्हाडचे. एप्रिल 1930 मध्ये, मिठाचा सत्याग्रह पेटलेला असताना, विठ्ठलभाईंनी राजीनामा दिला.

लांबलेली मुदत आणि शेवट

1935 चा मोठा कायदा आपण ऐकलेला असतो. त्यातला प्रांतांचा भाग अमलात आला, केंद्राचा संघराज्याचा भाग कधीच आला नाही. त्यामुळे दिल्लीत 1919 चीच चौकट 1947 पर्यंत चालू राहिली. 1934 ला निवडून आलेलं सभागृह तीन वर्षांसाठी होतं, पण मुदतवाढी मिळत मिळत ते 1945 पर्यंत चाललं. भुलाभाई देसाई गुजरातेतून येऊन काँग्रेसचे नेते झाले, पुण्याचे काकासाहेब गाडगीळ आले. सभागृह अर्थविधेयक फेटाळायचं आणि व्हाइसरॉय सर्टिफाय करायचा, हे वरचेवर होऊ लागलं. युद्धात काँग्रेस बहुतेक काळ बाहेर किंवा तुरुंगात.

त्याच काळात, 1942 पासून, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळाचे मजूरमंत्री म्हणून या सभागृहात सरकारी बाकावर होते. कामगार संघटनेला मालकाने मान्यता द्यावी यासाठीचं विधेयक त्यांनी 1943 ला मांडलं. आणि 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. तिकडे न. म. जोशी कामगारांच्या बाजूने बोलत, इकडे आंबेडकर मंत्री म्हणून. दोन मराठी माणसं, दोन वेगळ्या बाकांवर.

1945 च्या शेवटच्या निवडणुकीत काँग्रेसला 59 जागा आणि मुस्लिम लीगला मुसलमानांच्या सगळ्याच्या सगळ्या 30 जागा मिळाल्या. पुढच्या दोन वर्षांत काय होणार हे त्या आकड्यांतच दिसत होतं. जानेवारी 1946 ला अध्यक्ष निवडायचा होता. काँग्रेसचे गणेश वासुदेव मावळंकर विरुद्ध सर कावसजी जहांगीर. 66 विरुद्ध 63, तीन मतांनी मावळंकर आले. हे अहमदाबादचे वकील, पण घराणं मूळ रत्नागिरीतल्या मावळंग्याचं. ते या सभागृहाचे शेवटचे अध्यक्ष, आणि 1952 ला लोकसभेचे पहिले. इंग्रजीत तेव्हाचं पद ‘प्रेसिडेंट’ होतं, स्वातंत्र्यानंतर ‘स्पीकर’ झालं. मराठीत मात्र आधीही अध्यक्ष, नंतरही अध्यक्ष. खुर्चीचं सातत्य आपल्या भाषेला आधी कळलं म्हणायचं! ज्या दालनात ही असेंब्ली 1927 पासून बसली तिथेच पुढे लोकसभा बसली, 18 सप्टेंबर 2023 पर्यंत.

मग उपयोग काय झाला?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. दोन टोकाची उत्तरं दिली जातात. एक म्हणजे, ते सगळं नाटक होतं, स्वातंत्र्य रस्त्यावर मिळालं. दुसरं म्हणजे, इंग्रजांनी आपल्याला संसद शिकवली. आम्हाला दोन्ही पटत नाहीत.

नाटक होतं म्हणावं, तर ट्रेड युनियन कायदा, नुकसानभरपाई, 48 तास, या गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा फायदा अशा माणसांना झाला ज्यांना मत नव्हतं. इंग्रजांनी शिकवलं म्हणावं, तर स्वतंत्र सचिवालय, खुर्चीची निःपक्षपाती वागणूक, सरकारला नियमावर अडवणं, हे इंग्रजांनी दिलेलं नाही. ते त्यांच्याशी भांडून घ्यावं लागलं, आणि घेतल्यावर त्यांनी नियम बदलला. मग म्हणायचं काय? की अधिकार नसलेल्या सभागृहातही तीन गोष्टी करता येत होत्या. प्रश्न विचारता येत होता, आकडा मागता येत होता, आणि कोणी कुठल्या बाजूने मत दिलं याची नोंद ठेवता येत होती. सर्टिफिकेट देण्यासाठी व्हाइसरॉयला सगळ्यांदेखत सही करावी लागत होती. ती सही दिसणं हेच त्या सभागृहाचं काम होतं. पण हेही खरं, की या सभागृहात जे बसले ते नऊ-दहा लाखांच्या वतीने बसले. बाकीचे कोट्यवधी लोक रस्त्यावर आले नसते तर त्या सहीने कोणाचीही झोप उडाली नसती. आत आणि बाहेर, दोन्ही लागलं.

आणि शेवटी तो आकडा. 1920 साली सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात, पेशावरपासून मद्रासपर्यंत, असेंब्लीचे मतदार सुमारे नऊ लाख. 2024 साली एकट्या ठाणे लोकसभा मतदारसंघात मतदार होते पंचवीस लाख. कल्याणमध्ये वीस लाखांवर. आपल्या दोन मतदारसंघांत तेव्हाच्या साऱ्या देशाच्या पाचपट मतदार! शेतसाऱ्याची अट नाही, आयकराची नाही, बाई-पुरुष हा भेद नाही. आणि त्या निवडणुकीत दोन्हीकडे मतदान झालं निम्म्याच्या आसपास.

त्याला कारणं आहेत, आम्हाला ती माहीत आहेत. याद्यांतून नावं गळतात, घर बदललं की केंद्र बदलतं, मतदानाच्या दिवशीसुद्धा काहींना गाडी पकडावी लागते. लोक आळशी आहेत असं म्हणून मोकळं व्हायचं नाही. पण न. म. जोशी सव्वीस वर्षं ज्या कामगारांसाठी उभे राहिले, त्यांतल्या एकालाही जोशींना मत देता आलं नाही. देता आलं असतं तर जोशींना नेमणुकीची गरजच पडली नसती. तेव्हा पुढच्या वेळी यादी लागेल तेव्हा आपलं आणि शेजाऱ्याचं, घरात कामाला येणाऱ्या मावशींचं, सोसायटीच्या रखवालदाराचं नाव त्यात आहे का, एवढं बघू. त्या असेंब्लीच्या यादीत नसलेली माणसं हीच होती.